बोलण्याआधीची साक्ष



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला, की बोनस, महागाई भत्ता आणि संप ह्यांविषयी काही ऐकावयास मिळणार, असे श्रोते धरून चालतात. आजचा आमचा विषय त्याहून लहान आहे. इतका लहान, की तो पाळण्यात मावतो. नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या तळहातावर बोट ठेवले की ते मूठ आवळते. गालाला काही लागले की तोंड तिकडे वळवते. दार आपटले की दोन्ही हात फेकून दचकते. हे सारे आपण आपापल्या घरी पाहिलेले आहे. परंतु ह्या हालचाली वाचावयाच्या कशा, त्यांवरून मुलाच्या मेंदूची आणि मज्जातंतूंची प्रकृती कशी ओळखावयाची, हे माणूस गेल्या दीडशे वर्षांत शिकला. त्या शिकण्याचा इतिहास आपणापुढे मांडावा, असा आमचा विचार आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. पण हा इतिहास एकट्या डॉक्टरांचा नाही, असे आमचे मत आहे, आणि ते का, हे शेवटी ओघाने येईलच.

पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. त्या रात्री कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. बाळ झोपेत हसले, की सटवाई हसवते आहे, असे आजी म्हणते. ह्या समजुतीची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. मूल बोलू लागण्यापूर्वीच त्याच्याविषयी काही कळावे, ही ओढ तिच्यामागे आहे आणि ती ओढ खरी आहे. कपाळावरचे अक्षर आजवर कोणाला लागले नाही; मुठीतले, तळपायावरचे आणि ओठांवरचे मात्र हळूहळू लागू लागले.

प्रथम प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. तापलेल्या तव्याला हात लागला, की हात आधी मागे येतो आणि चटका बसल्याचे आपणास मागाहून कळते. त्वचेकडून निघालेली वर्दी मेरुरज्जूपर्यंत जाते आणि तेथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. मोठ्या मेंदूची परवानगी घेण्यात वेळ जात नाही. संघटनेच्या भाषेत बोलावयाचे, तर मध्यवर्ती कचेरीच्या पत्राची वाट न पाहता शाखेने घेतलेला हा निर्णय आहे. मोठ्या माणसात मध्यवर्ती कचेरी पुरती चालू असते आणि शाखांवर तिचा वचक असतो. नवजात अर्भकात शाखा उघडलेल्या असतात, पण मध्यवर्ती कचेरीचे काम नुकते कोठे सुरू झालेले असते. तारा अजून जोडावयाच्या असतात. मज्जातंतूंवर एक स्निग्ध वेष्टण चढले, की संदेश वेगाने धावू लागतात. मेंदूकडून मेरुरज्जूकडे उतरणाऱ्या मुख्य तंतूंवर हे वेष्टण चढण्याचे काम जन्मानंतर सुमारे दोन वर्षे चालते. वरचा अंमल जसजसा बसत जातो, तसतशा ह्या जन्मजात क्रिया मागे सरतात आणि त्यांच्या जागी हेतुपुरस्सर हालचाली येतात.

ह्यावरून तपासणाऱ्याने विचारावयाचे तीन प्रश्न निघतात. क्रिया आहे काय? दोन्ही अंगांना सारखी आहे काय? आणि जाण्याची वेळ झाल्यावर ती गेली काय? आज हे प्रश्न सोपे वाटतात. पण ते एकेक करून मिळवावे लागले, आणि मिळवणारांपैकी कोणाच्याही हाती एकदम तिन्ही आले नाहीत.

आरंभ चार्ल्स डार्विनपासून करणे सोयीचे आहे. १८३९ च्या डिसेंबरात त्याला पहिला मुलगा झाला. त्याचे नाव विल्यम. गांडुळे, कबुतरे आणि शिंपले ज्या बारकाईने पाहावयाची, त्याच बारकाईने डार्विनने पोटच्या मुलाकडे पाहिले आणि रोजनिशीत नोंदी केल्या. त्या नोंदी तशाच राहिल्या. सदतीस वर्षांनंतर, १८७७ मध्ये, ‘माइंड’ नावाच्या इंग्रजी त्रैमासिकात त्याने त्यांवरून एक लेख लिहिला. पहिल्या सात दिवसांत शिंकणे, उचकी, जांभई, आळस देणे, दूध ओढणे आणि रडणे ह्या क्रिया मूल उत्तम करीत होते, असे तो सांगतो. गालाला ऊबदार मऊ हात लागला की मुलास दूध ओढण्याची इच्छा होई, हेही त्याने टिपले. सातव्या दिवशी त्याने उघड्या तळपायाला कागदाचा कपटा लावला. मुलाने पाय झटकन मागे घेतला आणि पायाची बोटे आखडली. एवढाच प्रयोग. साधन म्हणाल तर कागदाचा कपटा. परंतु घरातले तान्हे मूल हाही शास्त्राच्या निरीक्षणाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट त्या कपट्याने जगापुढे आणली.

डार्विनच्या विचारांनी भारलेला लुई रॉबिन्सन हा इंग्रज डॉक्टर त्याच्या पुढे गेला. त्याने एका महिन्याच्या आतील साठांहून अधिक अर्भके तपासली. त्यांपैकी निम्म्यांना तरी जन्मानंतर तासाभराच्या आतच त्याने आपले बोट किंवा पाऊण इंच जाडीची काठी धरावयास दिली आणि अलगद वर उचलले. दोन अपवाद सोडता प्रत्येक मूल निदान दहा सेकंद आपला सारा भार मुठींवर तोलून लोंबकळत राहिले. तीन आठवड्यांचे एक मूल तर दोन मिनिटे पस्तीस सेकंद लोंबकळले. १८९१ मध्ये ‘नाइन्टीन्थ सेंच्युरी’ ह्या मासिकात त्याने हा वृत्तान्त छापला. आपले पूर्वज झाडावर राहात आणि त्यांची पिल्ले आईच्या केसांना घट्ट धरून असत, त्या काळाची ही खूण आहे, असे त्याचे म्हणणे. येथे घरोघरच्या हौशी काकांना आणि आजोबांना आमची विनंती आहे, की हा प्रयोग त्यांनी करून पाहू नये. मूठ केव्हा सुटेल ह्याचा नेम नसतो.

रॉबिन्सनने मुलाच्या मुठीत माणसाचा पूर्वेतिहास पाहिला. त्या मुलाच्या स्वतःच्या प्रकृतीचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. आज आपणास ठाऊक आहे, की ही आवळलेली मूठ चार ते सहा महिन्यांच्या सुमारास सैल पडावयास हवी. मूठ सोडता आल्यावाचून खुळखुळा हवा तेव्हा पकडता येत नाही आणि हवा तेव्हा टाकताही येत नाही. सहा महिने उलटूनही मूठ अंगठा आत घेऊन घट्ट मिटलेलीच राहिली, तर वरच्या अंमलाची व्यवस्था नीट बसलेली नाही, अशी शंका घ्यावी लागते. म्हणजे जी मूठ पहिल्या आठवड्यात आरोग्याची खूण, तीच आठव्या महिन्यात काळजीची खूण ठरते. खुणेचा अर्थ वयावाचून लागत नाही.

ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे दाखवली ती पायाच्या अंगठ्याने. जोसेफ बाबिन्स्की हा पॅरिसमधला डॉक्टर. आईबाप पोलंडमधून परागंदा होऊन आलेले. साल्पेत्रिएर रुग्णालयातील प्रख्यात शार्को ह्याच्या हाताखाली तो तयार झाला. पण प्राध्यापकपदासाठी जी परीक्षा द्यावी लागे तीत त्याला १८९२ मध्ये डावलण्यात आले, आणि विद्यापीठाची ती खुर्ची त्याला कधीच मिळाली नाही. पिती रुग्णालयात रोग्यांच्या खाटांजवळ तो तासन्‌तास निरीक्षण करीत बसे. २२ फेब्रुवारी १८९६ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेपुढे त्याने एक टिपण वाचले. ते अवघे अठ्ठावीस ओळींचे होते. तळपायाला टोचले, तर निरोगी माणसाची बोटे खाली वाकतात. पण मेंदूकडून उतरणाऱ्या मुख्य मार्गाला इजा झालेल्या रोग्याची बोटे वर उचलली जातात, एवढेच त्यात सांगितले होते. त्या काळी डोक्याची छायाचित्रे घेणारी यंत्रे नव्हती. कवटी न उघडता आतल्या मार्गाची खबर देणारी ही खूण वैद्यकाच्या हाती आली आणि आजतागायत ती तिथेच आहे.

दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, बाबिन्स्कीने ह्याच विषयावर विस्ताराने लिहिले आणि नवजात अर्भकाचा अंगठाही असाच वर उठतो, हे सांगितले. त्याचे कारण रोग नव्हे. तो मार्ग अजून पुरा बांधलेलाच नसतो. वर्ष-दीड वर्षाने, क्वचित दोन वर्षांपर्यंत, मार्ग पुरा होतो आणि अंगठा खाली वळू लागतो. येथे चिकित्सक श्रोता विचारील, की डार्विनच्या मुलाने तर बोटे आखडली होती, मग खरे कोण? दोघेही खरे. बोटांच्या मुळाशी दाब पडला तर अर्भक पायाने पकडू पाहते आणि बोटे आखडते. टाचेपासून बाहेरच्या कडेने रेघ ओढली तर अंगठा वर जातो. स्पर्श कोठे केला आणि कसा केला, ह्यावर उत्तर अवलंबून असते. साक्षीदाराला प्रश्न नीट विचारला नाही, तर साक्ष खोटी ठरत नाही, विचारणारा अडाणी ठरतो.

ह्यानंतरचे नाव एर्न्स्ट मोरो ह्याचे. त्याचा जन्म १८७४ मध्ये लायबाख, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथे झाला. पुढे जर्मनीत हायडेलबर्गच्या बालरुग्णालयाचा तो प्रमुख झाला. जुलाबाने मरणाऱ्या मुलांना गाजराचे सार पाजून वाचवण्याचा त्याचा उपाय १९०८ पासून प्रसिद्ध होता. १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध संपत आले असताना, त्याने मुलाच्या आयुष्याच्या पहिल्या तिमाहीवर एक लेख लिहिला. त्यात त्याने दचकण्याचे वर्णन केले आहे. उताण्या निजलेल्या मुलाच्या दोन्ही बाजूंस उशीवर हाताने थाप मारली, की मूल दोन्ही हात बाहेर फेकते, बोटे पसरते, आणि मग दोन्ही हात कमानीसारखे वळवून छातीशी आणते. जणू कोणाला मिठी मारीत आहे. मोरोने ह्याला मिठीची क्रिया असेच नाव दिले. आईच्या अंगाला बिलगून राहणाऱ्या पिल्लांची आठवण त्यालाही झाली. आज डॉक्टर मुलाचे डोके हातावर तोलून किंचित खाली सोडतात आणि लगेच सावरतात; प्रतिसाद तोच येतो. आपल्या बाळंतिणी मुलाला दुपट्यात गुंडाळून निजवतात. त्यामागे हेच आहे, की हात फेकले गेले तर मूल स्वतःच्याच दचकण्याने जागे होते.

मोरोच्या ह्या क्रियेत आमचे तिन्ही प्रश्न एकत्र येतात. ती मुळीच नसेल, तर मेंदूला प्राणवायू कमी पडला, जंतुदोष झाला, किंवा कावीळ वाढून मेंदूत शिरली, अशा गंभीर शंका येतात. सहा महिन्यांनंतरही ती टिकून राहिली, तर मेंदूच्या वाढीत अडथळा आहे काय, हे पाहावे लागते. आणि ती एकाच बाजूस असेल, तर दुसऱ्या खांद्याचे हाड मोडले आहे, किंवा बाळंतपणात मानेवर ताण पडून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा झाली आहे, असे समजावे. ह्याच मोरोला पुढे, १९३६ मध्ये, वेळेआधी निवृत्ती घ्यावी लागली. त्याची पत्नी ज्यू होती आणि जर्मनीत नाझींचे राज्य आले होते. हजारो मुलांची जन्मजात मिठी ज्याने लिहून ठेवली, त्याला आपल्याच घराचे रक्षण करण्यासाठी खुर्ची सोडून जावे लागले.

दोन्ही अंगांच्या ह्या प्रश्नाचे मोल आम्हांस एका यंत्रमाग कामगाराच्या घरी कळले. मुलगी महिन्याची होती. तिची आजी आम्हांस म्हणाली, “भाऊ, पोर दचकते तेव्हा डावा हातच उडतो. उजवा पडून राहतो. मी दवाखान्यात सांगितलं, तर म्हणाले, आजीबाई, मूल अशक्त आहे, येईल हळूहळू.” गावातल्या त्या दवाखान्याने मूल दीड वर्षाचे होईपर्यंत हेच सांगितले. पहिल्या आठवड्यांपासून हाताचे व्यायाम करून घ्यावयाचे असतात, आणि काही महिन्यांत ताकद आली नाही तर तज्ञाकडे न्यावयाचे असते. तो सारा काळ निघून गेला. मोरोने १९१८ साली लिहिलेली गोष्ट त्या आजीने पुस्तकावाचून पाहिली होती. तिची साक्ष कोणी लिहून घेतली नाही, एवढेच.

मोरो आणि बाबिन्स्की ह्यांच्या काळात ह्या खुणा ओळखणारे थोडे होते. त्यांतली एक खूण प्रत्येक प्रसूतिगृहात नेण्याचे काम एका बाईने केले. व्हर्जिनिया अपगार ह्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शल्यक्रिया शिकल्या होत्या; पण शल्यक्रियेत स्त्रीला वाव नाही, असे वरिष्ठांनी सुचवल्यावर त्या भूल देण्याच्या शास्त्राकडे वळल्या. १९४९ मध्ये त्या विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयातील पहिल्या पूर्ण प्राध्यापिका झाल्या. त्या काळी प्रसूतिगृहात सारे लक्ष आईकडे असे, मूल बाजूला पडे. ते निपचित असले, तर काय करावयाचे ह्याचा निर्णय ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडलेला. अपगारबाईंनी १९५२ मध्ये एक साधी रीत मांडली आणि १९५३ मध्ये ती छापली. जन्मानंतर एका मिनिटाने पाच गोष्टी पाहावयाच्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, त्वचेचा रंग, आणि प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे नाका-घशात रबरी नळी घातली असता मूल तोंड वेडेवाकडे करते, शिंकते, की थंड पडून राहते. प्रत्येकास शून्य, एक किंवा दोन गुण. बेरीज दहापैकी.

ह्या रीतीचा मोठा गुण असा, की ती कोणाही परिचारिकेला एका मिनिटात करता येते आणि मुलाकडे पाहण्याची सक्ती करते. परंतु तिचा अर्थ ताणू नये. त्या मिनिटाला मुलास मदत हवी आहे की नाही, ह्यासाठी ती आहे. त्या गुणांवरून मुलाच्या बुद्धीचे भाकीत करू नये, हे बालरोगतज्ञांच्या संस्था आज स्पष्टपणे सांगतात. कारखान्यात शिरताना वजनकाट्यावर उभे केलेल्या माणसाचे पुढील तीस वर्षांचे काम त्या काट्यावरून ठरत नाही.

येथवर वाचून कोणास वाटेल, की क्रियांची यादी केली, होय-नाही अशा खुणा केल्या, की मुलाची परीक्षा झाली. शास्त्रज्ञांनाही काही काळ तसेच वाटत होते. पण एक गोष्ट त्यांना बोचत होती. मोठ्या मेंदूचा भाग नसतानाच जन्मलेली काही दुर्दैवी अर्भके असतात. ती फार दिवस जगत नाहीत. त्यांतली कित्येक दूध ओढत, मूठ आवळत, दचकतही असत. म्हणजे क्रिया आहे, एवढ्यावरून वरचा मेंदू धड आहे असे सिद्ध होत नाही. शाखा चालू आहे, म्हणून मध्यवर्ती कचेरी जागेवर आहे असे नव्हे!

ह्या कोड्यावर काम झाले ते युरोपात, दुसऱ्या महायुद्धानंतर. पॅरिसमध्ये आंद्रे-तोमा हा ऐंशी ओलांडलेला मज्जाविकारतज्ञ आणि त्याची तरुण सहकारी सुझान सेंत-आन दार्गासी ह्यांनी १९५२ मध्ये नवजात अर्भकावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सुट्या सुट्या क्रियांपेक्षा अंगाचा ताण, मूल हातात कसे लागते, कोपर छातीवरून किती पलीकडे जाते, ह्यांवर त्यांनी भर दिला. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे हाइन्झ प्रेख्टल ह्याने १९६४ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह तपासणीची नवी पद्धत दिली. तिचा पहिला नियम असा, की मूल कोणत्या अवस्थेत आहे ते आधी लिहा: गाढ झोपेत, हलक्या झोपेत, शांत जागे, हालचाल करीत जागे, की रडत. झोपलेल्या आणि रडणाऱ्या मुलाची उत्तरे वेगळी येतात. पोट भरून पेंगणारे मूल स्तनाकडे तोंड वळवत नाही, म्हणून त्याला रोग चिकटवता येत नाही. कोणतीही सुईण हे आपणास सांगेल. पण ते तपासणीच्या कागदावर पहिल्या ओळीत यावयास १९६४ साल उजाडावे लागले.

प्रेख्टल तेथेच थांबला नाही. तान्हे मूल म्हणजे बटण दाबले की हलणारे यंत्र, ही कल्पनाच त्याने पुढे टाकून दिली. कोणी स्पर्श न करता, आवाज न करता, उताणे निजलेले जागे मूल आपण होऊन जे हातपाय हलवते, त्यातच मेंदूचे खरे काम दिसते, असे त्याने दाखवले. तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान निरोगी मुलाच्या मानेत, मनगटांत, घोट्यांत आणि धडात बारीक, गोलाकार, सतत चाललेली चुळबूळ असते. १९९७ मध्ये त्याने व सहकाऱ्यांनी १३० अर्भकांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला. ज्यांच्यात ही चुळबूळ होती त्यांतील बहुतेक मुले पुढे नीट वाढली. जिच्यात ती नव्हती अशा बहुतेक मुलांत पुढे मेंदूच्या इजेमुळे येणारे पांगळेपण, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, किंवा तत्सम दोष आढळला. आज ह्या निरीक्षणाला मेंदूच्या छायाचित्राची आणि हातांनी केलेल्या तपासणीची जोड दिली, तर सहा महिन्यांच्या आतच पुष्कळ मुलांचे निदान होऊ शकते. पूर्वी ते दीड-दोन वर्षांनी होई. मेंदू सर्वांत लवचीक असतो तो ह्याच काळात. तेव्हा हे महिने वाचणे म्हणजे मुलाचे पुढचे चालणे-बोलणे वाचवणे आहे.

क्रिया नाहीशी होण्याचा अर्थही नेहमी मेंदूतच शोधावा असे नाही. नवजात मुलाला काखेत धरून पाय जमिनीला टेकवले, की ते पावले टाकल्यासारखे करते. दोन महिन्यांनी हे बंद पडते. वरच्या मेंदूने ते बंद केले, असे पुस्तके सांगत. अमेरिकेत एस्थर थेलेन ह्या बाईंनी १९८४ मध्ये साधा प्रयोग केला. पाय कंबरभर पाण्यात सोडले, की मूल अधिक पावले टाकू लागले. पायांना थोडे वजन बांधले, की कमी. पाय लठ्ठ होतात आणि स्नायूंना ते उचलत नाहीत, हे एक कारण होते. ज्ञानी माणसांनी मेंदूत शोधलेले उत्तर न्हाणीघरात सापडले.

आणखी एक धडा ह्या इतिहासात आहे, आणि तो आम्हांस व्यवसायाने फार ओळखीचा आहे. १८६१ मध्ये विल्यम लिट्ल ह्या लंडनच्या डॉक्टरने, जो स्वतः लहानपणीच्या आजाराने पायाने अधू होता, एक निबंध वाचला. मुलांचे असे पांगळेपण अवघड बाळंतपणातून, अपुऱ्या दिवसांतून आणि जन्मताना श्वास कोंडल्यातून येते, असे त्याने दाखवले. त्यात मोठे तथ्य होते. पण पुढे त्याचा अर्थ असा झाला, की मूल अधू निघाले म्हणजे चूक सुइणीची. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने, मनाचे शास्त्र लिहिण्यापूर्वी, ह्याच रोगावर ग्रंथ लिहिला आणि विचारले: बाळंतपण अवघड झाले, हेच कदाचित गर्भात आधी घडलेल्या बिघाडाचे फळ नसेल काय? त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. अमेरिकेत १९५९ ते १९६६ पर्यंत पन्नास हजारांहून अधिक गरोदरपणांचा माग ठेवला गेला, आणि त्या नोंदींवरून १९८६ मध्ये निष्कर्ष निघाला, की बहुतेक मुलांत जन्मवेळचा श्वासावरोध हे कारण नव्हते. यंत्र मोडले, की त्याच्यापुढे उभ्या असलेल्या कामगाराला आधी धरावयाचे, ही रीत गिरण्यांपुरती नाही. खूण वाचणे वेगळे आणि दोष लावणे वेगळे. मुलाच्या मुठीवरून आईला, सासूला किंवा दाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार कोणास नाही.

आता आपल्या प्रांताकडे येतो. हायडेलबर्ग, पॅरिस, ग्रोनिंगेन येथे जमलेले हे ज्ञान गडचिरोलीच्या झोपडीत पोचावयाचे कसे, हा प्रश्न डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने घेतला. त्यांच्या कामातली तान्ह्याची मोठी वैरीण जंतुदोष ही होती. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना त्यांनी तयार केले. त्यांनी घरी जाऊन काय पाहावयाचे? आधी नीट रडणारे मूल आता क्षीण रडते काय किंवा रडणे थांबले काय? आधी नीट दूध ओढणारे मूल आता ओढत नाही काय? आधी चपळ असलेले हातपाय लुळे पडले काय? अंग गार किंवा तापलेले आहे काय? अशा ठरावीक खुणांपैकी दोन एकदम दिसल्या, की धोका समजून लगेच उपचार. ३९ गावांत हे काम चालले. हजारी ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण १९९७-९८ पर्यंत २५.५ वर आले. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हते, तेथे ते जवळजवळ तसेच राहिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे जगापुढे ठेवले.

दूध ओढणे ही डार्विनने पहिल्या आठवड्यात टिपलेली क्रिया. तीच येथे एका बाईच्या हाती प्राण वाचवण्याचे साधन झाली. बारकाईने पाहिले, तर ह्या बाईने एक गोष्ट अधिक केली: ती मुलाची तुलना पुस्तकाशी करीत नाही, त्याच मुलाच्या कालच्या दिवसाशी करते. त्यासाठी तिला काल तेथे असावे लागते.

२०११ पासून भारत सरकारने घरच्या घरी नवजाताची काळजी घेण्याचे हे काम आशांकडे सोपवले. दवाखान्यात जन्मलेल्या मुलाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने जावयाचे. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि वाढीत मागे पडणाऱ्या मुलांसाठी जिल्हा केंद्रे काढण्याचे ठरले. योजना चांगली आहे. पण जी बाई बेचाळीस दिवसांत सहा वेळा येऊन मुलाचे ओठ, हातपाय आणि रडणे पाहते, तिला सरकार कर्मचारी मानीत नाही. स्वयंसेविका म्हणते आणि कामागणिक मोबदला देते. २०२३ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला, तो ह्या अवस्थेमुळेच. बाबिन्स्कीला खुर्ची मिळाली नाही, अपगारबाईंना शस्त्र मिळाले नाही. पण त्यांच्या निरीक्षणाला मान मिळाला. आशेच्या निरीक्षणालाही तो मिळावा, आणि मानाबरोबर पगारही मिळावा. पाहण्याचे काम हे काम आहे, कारण त्यावर मुलाचे आयुष्य अवलंबून असते.

आपण सारे शहरातले लोक. आपल्या ओळखीच्या घरी, भाड्याच्या खोल्यांत, बांधकामावर, मुले जन्मतात. आमचे मागणे एवढेच आहे. नातवंड पाहावयास जाल तेव्हा टोपडे-झबल्याबरोबर थोडा वेळही घेऊन जा. मूल जागे आणि शांत असताना त्याला मोकळे निजवा आणि पाहा. दोन्ही हात सारखे उडतात काय, मूठ महिन्या-महिन्याने सुटत चालली आहे काय, कालच्याइतके दूध आज ओढते काय. एका खुणेवरून घाबरू नका आणि कोणाला दोष देऊ नका; पण काही वेगळे वाटले, तर ते तारखेसह लिहून डॉक्टरांपुढे ठेवा, आणि ‘येईल हळूहळू’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. आणि एखादी आजी सांगू लागली, की पोर एकाच हाताने दचकते, तर तिला मध्येच थांबवू नका.